शनिवारची वीस मिनिटं मुलांना द्या

नागपूर शहरातल्या प्राथमिक आणि उच्च प्राथमिक शाळांच्या सर्व मुख्याध्यापक-मुख्याध्यापिकांना,

सादर नमस्कार.

उन्हामुळे आपल्या विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे नव्या वर्षाचं वेळापत्रक अजून तुमच्या टेबलावर कच्चंच असेल. तासिका वाटून व्हायच्या आत हे पत्र तुमच्या हाती पडावं म्हणून घाईनं लिहिते आहे. पूर्व नागपुरातल्या एका मराठी शाळेत मी २४ वर्षं पाचवी ते सातवीला गणित आणि मराठी शिकवते. माझं मागणं एवढंच आहे. शनिवारी सकाळच्या शाळेतली शेवटची वीस मिनिटं मुलांना द्या. मागच्या आठवड्यात आपण काय ठरवलं होतं ते त्यांनी पाहावं आणि पुढच्या आठवड्याचं ध्येय स्वतः ठरवावं. त्या वीस मिनिटांत दुसरं काहीही घालू नका.

‘ध्येय’ हा शब्द ऐकून तुमच्यापैकी काही जण म्हणतील, आमच्याकडे ते आहेच. प्रत्येक वर्गात ‘माझे ध्येय’चा तक्ता लावलेला असतो. तसा तक्ता माझ्याही वर्गात कितीतरी वर्षं होता. पहिल्या आठवड्यात कार्डशीटच्या चांदण्या कापायच्या, त्यांवर मुलांनी नाव आणि ध्येय लिहायचं. जवळजवळ सगळे ‘९० टक्के’ लिहीत. कोणी ‘कलेक्टर’, कोणी ‘डॉक्टर’. पोळ्यापर्यंत त्या चांदण्यांवर धूळ बसे आणि त्यांच्याबद्दल एकदाही कोणी काही विचारलेलं नसे. मीसुद्धा नाही. ज्या मुलानं ९० लिहिलं होतं त्याला हातच्याची वजाबाकी येत नव्हती. त्या चांदणीनं त्याला सोमवारी सकाळी काय करायचं हे सांगितलं नाही, आणि ते सांगायला हवं हे मला उमगायला फार वर्षं लागली. त्या मुलांचं मी देणं लागते.

उमगलं ते एका मुलामुळे. सहावीत होता. अपूर्णांकांची बेरीज चालू होती, छेद वेगळे असलेली. दोन दिवस त्यानं वहीच उघडली नाही. जवळ बसून विचारलं तर म्हणाला, “मॅडम, मले गणितच नाही जमत.” मी विचारलं, गणितातलं नेमकं काय जमत नाही? तो गप्प. उत्तर टाळत नव्हता, त्याच्याकडे उत्तरच नव्हतं. ‘जमत नाही’ हा त्याच्यासाठी एकच मोठा धोंडा होता, त्याला कुठून हात घालावा हे कळत नव्हतं.

मग आम्ही दोघांनी एक उदाहरण पायरी-पायरीनं सोडवत नेलं. छेद समान करायला लसावि लागतो, लसावि काढायला पाढे लागतात, आणि त्याचा सातचा न् आठचा पाढा मधेच तुटत होता. त्याला म्हटलं, या आठवड्यात काय करशील ते तूच सांग. त्यानं लिहिलं, “सोमवार ते शुक्रवार रोज डबा खायच्या आधी सातचा पाढा उलटा लिहीन.” उलटा का, ते मी विचारलं नाही. त्याचं ते होतं. पुढच्या शनिवारी आठचा घेतला. तिसऱ्या शनिवारी मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, “मॅडम, पाढा झाला. पण मी खालचे पण जोडून रायलो होतो.” छेदांचीही बेरीज करतोय, ही स्वतःची चूक त्यानं स्वतः पकडली होती. ती मी त्याच्या वहीत लाल पेनानं निदान दहा वेळा दाखवली असेल. माझ्या लाल पेनानं जे झालं नाही ते तीन आठवड्यांच्या ठरवण्यानं आणि तपासण्यानं झालं. ते का झालं, याचा शोध घेताना मी वाचत गेले.

१९८१ मध्ये आल्बर्ट बांडुरा आणि डेल शुंक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सात ते दहा वर्षांची ४० मुलं, वजाबाकीत कच्ची आणि वजाबाकीचा कंटाळा आलेली. त्यांना स्वतः शिकता येईल अशी ४२ पानं दिली, बैठका सात. काही मुलांना सांगितलं, एका बैठकीत सहा पानं करायचं मनात ठेवा. काहींना सांगितलं, सातव्या बैठकीअखेर ४२ पानं व्हायला हवीत. काहींना ध्येयाबद्दल काहीच सांगितलं नाही. काम सगळ्यांचं सारखंच, पानं तीच. पण सहा पानांची मुलं वजाबाकीत सगळ्यांत पुढे गेली, आपल्याला हे येतं असा भरवसा त्यांना सगळ्यांत जास्त वाटू लागला, आणि नंतर कोणीही न सांगता वजाबाकी करायला बसण्यातही तीच पुढे होती. ४२ पानांचं लांबचं ध्येय दिलेल्या मुलांमध्ये आणि काहीच ध्येय न दिलेल्या मुलांमध्ये मात्र सांगण्यासारखा फरक दिसला नाही.

सर, मॅडम, ही ४२ पानं म्हणजे आपल्या भिंतीवरचे ‘९० टक्के’. ध्येय चांगलंच होतं, फक्त इतकं दूर होतं की आज आपण त्याच्याकडे सरकलो की नाही हे मुलाला दिसत नव्हतं. सहा पानं संपली की दिसतं. ‘मला येतं’ हा विश्वास तसंच दिसत राहिल्यानं बसतो.

एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या दोघांनी अनेक दशकं ध्येयांवरच काम केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की नेमकं ध्येय चार गोष्टी करतं. लक्ष एका जागी आणतं, जोर लावायला लावतं, मधेच सोडू देत नाही आणि एक रीत चालली नाही तर दुसरी शोधायला लावतं. शेवटची गोष्ट मला शिक्षक म्हणून सगळ्यांत मोलाची वाटते, कारण विचार करणं म्हणतात ते तिथेच सुरू होतं. “जमेल तेवढं कर” असं आपण प्रेमानं म्हणतो, पण त्यातलं ‘जमेल तेवढं’ म्हणजे किती, हे मुलाला कधीच कळत नाही.

याच संशोधनात एक इशाराही आहे आणि तो आपण दुर्लक्षून चालणार नाही. १९८९ मध्ये कॅन्फर आणि अ‍ॅकरमन यांनी अमेरिकी हवाई दलातल्या प्रशिक्षणार्थींना विमानांची वाहतूक सांभाळण्याचं नकली काम दिलं. काम अजून अंगवळणी पडलेलं नसताना ज्यांना गुणांचं अवघड लक्ष्य दिलं, त्यांचं काम सुधारण्याऐवजी बिघडलं. शिकायला लागणारं लक्षच गुणांकडे पाहण्यात खर्च झालं. मोठ्या माणसांची ही गत, तर अपूर्णांक पहिल्यांदा पाहणाऱ्या दहा वर्षांच्या लेकराला ‘२०पैकी १८’चं ध्येय दिलं तर काय होईल? म्हणून नवा घटक चालू असताना मी गुणांचं ध्येय लिहू देत नाही. “हे उदाहरण चित्र काढून करून पाहीन”, “रोज एक चूक शोधून तिच्याशेजारी कारण लिहीन” अशी शिकण्याची ध्येयं चालतात. घटक हातात बसला की मग वेळ लावून दहा उदाहरणं, खुशाल.

आणखी एक गोष्ट पालकसभेत मी दरवर्षी सांगते. पुढचा विचार करणं, मोह आवरणं, ठरवलेलं लक्षात ठेवणं ही कामं मेंदूचा पुढचा भाग करतो आणि तो पूर्ण तयार व्हायला विशीचा मध्य उजाडतो. अकरा वर्षांचं पोट्टं मार्चमधली परीक्षा डोक्यात धरून जुलैत अभ्यास करत नाही, त्याला आळस म्हणणं अन्याय आहे. एवढ्या लांबचं धरून ठेवायची त्याची ताकद अजून बनते आहे. सोमवार ते शुक्रवार मात्र त्याच्या आवाक्यात असतं, आणि वहीत लिहिलेलं डोक्यात धरून ठेवावं लागत नाही.

मुलांना नियोजन जमत नाही असं वाटत असेल तर तान्ह्या पोळ्याच्या आधीचे आठ दिवस आठवा. गृहपाठाची वही दोनदा हरवणारा मुलगा त्या दिवसांत लाकडी नंदीसाठी झूल कुठून आणायची, बेगड किती लागेल, शिंगं आधी रंगवायची की चाक आधी दुरुस्त करायचं, कोणत्या घरी किती बोजारा (नंदी घेऊन गेल्यावर मिळणारे खाऊ-पैसे) मिळतो आणि म्हणून कोणत्या गल्लीतून निघायचं, हे सगळं बिनचूक सांगतो. कामाचे तुकडे पाडतो, क्रम लावतो, पैसे कमी पडले तर बेगडीऐवजी रंगीत कागद वापरतो. यातलं काहीच आम्ही शिकवलेलं नसतं. नंदी त्याचा असतो, सजवायचं त्यानं ठरवलेलं असतं. शाळेतली ध्येयं आपण ठरवतो आणि मग मुलं ती पाळत नाहीत म्हणून रागावतो.

आपल्याच गावातल्या दिव्या देशमुखचं उदाहरण मी वर्गात देते, पण थोडं वेगळ्या अंगानं. २०२५च्या जुलैत जॉर्जियातल्या बातुमीला तिनं कोनेरू हम्पीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा ती १९ वर्षांची होती. त्या विजयामुळे ती थेट ग्रँडमास्टर झाली, भारताची ८८वी. एरवी या किताबासाठी तीन नॉर्म, म्हणजे एकेका स्पर्धेत ठरलेल्या पातळीचा खेळ केल्याची पावती, मिळवावे लागतात, आणि तिच्याकडे तोवर एकही नव्हता. या स्पर्धेत एखादा नॉर्म मिळेल एवढंच मनात होतं, असं तिनं जिंकल्यावर सांगितलं. पालकांना चषक आठवतो. मी मुलांना नॉर्म म्हणजे काय ते समजावते, फळ्यावर तीन चौकोन काढून.

आता वर्गात हे प्रत्यक्षात कसं चालतं ते सांगते. प्रत्येकाकडे चाळीस पानी वही असते, नाव ‘माझं ठरलं’. शनिवारी तीन प्रश्न. काय ठरवलं होतं? काय झालं? आता काय बदलशील? चौथा प्रश्न मी मुद्दाम काढून टाकला, तो म्हणजे “का नाही केलं?” आपल्या तोंडून निघालेला ‘का’ मुलांना रागावणं वाटतो आणि मग ती कारणं तयार करतात. ‘काय बदलशील’ म्हटलं की ती विचार करतात. कोणी म्हणतं, रोज जमत नाही, दिवसाआड करीन. कोणी वेळ बदलतं. ठरवणं, करणं, मागे वळून पाहणं आणि पुन्हा ठरवणं हे चक्र एकदा फिरू लागलं की मूल स्वतःच्या शिकण्याकडे बाहेरून पाहू लागतं. खालचेही जोडून रायलो होतो, हे त्या मुलाला तसंच दिसलं.

दिवाळीनंतर मी ‘जर-तर’ शिकवते. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं आहे की नुसतं ‘मी करीन’ म्हणण्यापेक्षा ‘जर अमुक झालं तर मी तमुक करीन’ असं आधीच ठरवलं तर ते हातून होण्याची शक्यता बरीच वाढते. माझ्या वर्गात एक मुलगी होती. आई-वडील दोघंही कामावर, धाकटा भाऊ संध्याकाळभर तिच्याच अंगावर. वाचनालयातल्या पुस्तकाचं रोज एक पान वाचायचं तिनं ठरवलं होतं आणि तीन शनिवार ‘झालं नाही’ असंच लिहिलं. चौथ्या शनिवारी लिहिलं, “जर भाऊ जागा असला तर त्यालाच मोठ्यानं वाचून दाखवीन.” पुढे तो भाऊच पुस्तक घेऊन मागे लागायला लागला. हे मला सुचलं नसतं. तिच्या घरातली संध्याकाळ तिला माहीत होती, मला नव्हती.

सगळ्यांचं असंच होतं असं मी म्हणणार नाही. दरवर्षी दोन-तीन मुलांची वही जवळपास कोरी राहते. ज्या घरात रोज भांडण आहे तिथल्या लेकराला पुढचा आठवडा दिसतच नाही. त्यांच्यापर्यंत पोचायला या वहीहून वेगळं काहीतरी लागतं.

वेळ कुठून आणायचा, हे तुम्ही विचारणारच. अभ्यासक्रम, शिष्यवृत्ती परीक्षेचे जादा तास, ऑनलाइन माहिती भरणं, सर्वेक्षणं, सगळं मला ठाऊक आहे, मीही त्यातच आहे. वर्षातले ३५ शनिवार धरले तर वीस मिनिटांप्रमाणे ७०० मिनिटं होतात, बारा तासांहून कमी. पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आलेलाच आहे, त्यात हे सहज बसतं. आणि २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ज्या समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली आहे, त्यात मुलाचं स्वयंमूल्यमापन आहेच. मनावर हात ठेवून सांगा, असे रकाने आज कोण भरतं? सत्र संपताना रात्री जागून शिक्षक भरतात, ‘मला गटात काम करायला आवडते’ हे वाक्य चाळीस मुलांच्या नावानं. ‘माझं ठरलं’ वही असेल तर तो रकाना मूल स्वतः भरू शकतं, आणि खरा भरतं.

वेळापत्रकातल्या जागेहूनही एक मोठी गोष्ट तुमच्याकडे मागायची आहे, आणि ती फक्त मुख्याध्यापकच देऊ शकतात. या वहीला सांभाळा. तिचा नमुना छापून घेऊ नका. ती तपासून शेरा मारायला सांगू नका. तिचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागवू नका. ‘उत्कृष्ट ध्येयवही’ स्पर्धा तर मुळीच नको. चांगल्या हेतूनं सुरू झालेले कितीतरी उपक्रम अहवालाच्या फायलीत जाऊन बसलेले आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. अहवाल आला की मुलं आपल्याला आवडेल ते लिहू लागतात, आणि आपल्याला काय आवडतं हे त्यांना फार लवकर कळतं.

बक्षिसाचंही तसंच. ध्येय पूर्ण झालं की स्टार, पाच स्टार झाले की पेन, असं करायचा मोह मलाही झाला होता. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या, चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांवर एक प्रयोग केला. स्केचपेननं चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल असं काहींना आधी सांगितलं आणि ते दिलंही. पुढे मोकळ्या वेळात त्याच मुलांनी स्केचपेन हातात घेणं जवळजवळ निम्म्यावर आलं. आधी ती चित्रासाठी चित्र काढत होती, मग प्रशस्तिपत्रासाठी. आवडीनं उलटा पाढा लिहिणाऱ्या माझ्या त्या मुलाला मी पेन दिलं असतं तर तिसऱ्या शनिवारी त्यानं मला काय सांगितलं असतं, हा विचार अजून मनात येतो.

शिक्षकांना प्रशिक्षण वगैरे नंतर होईल. सुरुवातीला एवढं पुरे की शिक्षकानंही फळ्याच्या कोपऱ्यात आपलं त्या आठवड्याचं ठरलेलं लिहावं. मागच्या वर्षी मी लिहिलं होतं, “प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प राहीन.” पहिल्या आठवड्यात मला ते जमलं नाही आणि शनिवारी मी ते वर्गासमोर सांगितलं. एका मुलीनं सुचवलं, “मॅडम, तुम्ही बोटांवर मोजा, मग आम्हालेही दिसन.” तेव्हापासून प्रश्न विचारला की माझी बोटं चालतात आणि मागच्या बाकावरचे हातसुद्धा वर येतात.

तुमच्यापैकी कोणाला हे पाहायचं असेल तर कोणत्याही शनिवारी सकाळी माझ्या वर्गात या. नोटीस, पत्र काही नको, सव्वादहापर्यंत पोचलात की झालं. मागच्या बाकावर जागा असते. मुलं तुम्हालाही एक कोरा कागद देतील आणि तुमचं काय ठरलं ते विचारतील, तेवढी तयारी ठेवा. त्यांच्या वह्या पाहायच्या असतील तर पाहा, पण उघडण्याआधी त्यांना विचारा. बहुतेक जण हो म्हणतात.

आपली नम्र,
एक सहशिक्षिका
पूर्व नागपूर